उड्डाणयोग्यतेचे प्रमाण : लहान विमाने व त्यांचे सुटे भाग यांच्या प्रमाणीकरणाचा इतिहास

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने विमानविद्येच्या प्रांतात पाऊल टाकावे, हे प्रथमदर्शनी काहीसे धाडसाचे वाटण्याचा संभव आहे. पंखांची रचना, इंजिनाची शक्ती किंवा धातूंचा ताण यांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. परंतु विमान जमिनीवरून उचलले जाण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य घडलेली असावी लागते, आणि ती गोष्ट केवळ यांत्रिक नसून भाषिकही आहे. ती म्हणजे कोणीतरी अधिकृतपणे असे म्हटलेले असावे लागते, की हे विमान उडण्यास योग्य आहे. दोन आसनांच्या लहानशा शिकाऊ विमानातसुद्धा हे म्हणणे कागदाच्या रूपाने असते. तो कागद नसेल, अथवा त्याची मुदत संपली असेल, तर इंजिन कितीही सुरळीत चालत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते यंत्र विमानतळावरील एक निश्चल वस्तू होय.

हे वाक्य कोण उच्चारतो, कशाच्या आधारावर उच्चारतो, आणि ते खोटे ठरले तर काय होते, या तीन प्रश्नांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे. विवेचनाच्या सोयीसाठी आपल्या न्यायशास्त्राने मानलेली चार प्रमाणे, म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द, आधारास घेतली आहेत. विमानाच्या प्रमाणीकरणाची आधुनिक पद्धती न्यायदर्शनावरून घेतली गेली, असे अर्थातच सुचवावयाचे नाही. ज्ञानाची साधने मोजकीच असल्यामुळे ती कोणत्याही काळी व कोणत्याही देशात तीच निघतात, एवढेच दिसून येईल.

१. शब्दाची वाट : समुद्रावरून आकाशाकडे

इंग्रजीतील उड्डाणयोग्यतावाचक शब्द हा सागरयोग्यतावाचक शब्दाच्या साच्यावर घडविलेला आहे. हा साचा केवळ शब्दापुरता नव्हता. विमानविद्येने आपली बरीच परिभाषा, आणि परिभाषेबरोबर विचारपद्धतीही, जहाजांकडून उचलली. आपल्या विमानतळांवर मराठी भाषक तंत्रज्ञ ज्याला सहजपणे ‘लॉगबुक’ म्हणतात, त्या शब्दात पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी पाण्यात सोडावयाचा लाकडी ओंडका दडलेला आहे.

जहाजाच्या योग्यतेविषयी तिऱ्हाइताने मत देण्याची प्रथा लंडन येथे एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहाच्या परिसरात वाढली. विमा उतरविणाऱ्यास जहाज स्वतः पाहणे शक्य नसे. त्याच्या वतीने कोणीतरी ते पाहून सांगणे आवश्यक झाले. १७६० मध्ये यासाठी मंडळी स्थापन झाली व तिने जहाजांची नोंदपुस्तके काढण्यास प्रारंभ केला. त्यांत जहाजाच्या सांगाड्याची प्रत रोमन वर्णमालेतील स्वरांनी व साहित्याची प्रत निराळ्या अक्षराने, पुढे अंकाने, दर्शवीत. उत्तम सांगाडा व उत्तम साहित्य असलेल्या जहाजाची ‘ए वन’ ही खूण पुढे इतकी रूढ झाली की आपल्याकडेही ‘एकदम ए-वन’ असे म्हणताना त्यामागील जहाज कोणाच्याही मनात येत नाही.

हिंदुस्थानात हा वारसा कायद्याच्या नावातच उतरला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. त्याच वर्षी या देशात हवाई वाहतुकीविषयीचा पहिला कायदा झाला. त्याचे नाव ‘इंडियन एअरशिप्स अ‍ॅक्ट’ असे होते. विमानाला स्वतःचे कायदेशीर नाव मिळण्यापूर्वी ते ‘हवेतील जहाज’ म्हणूनच ओळखले गेले.

उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती पहिल्या महायुद्धानंतर. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या करारान्वये, दुसऱ्या देशात जाणाऱ्या प्रत्येक विमानाजवळ स्वदेशाच्या शासनाने दिलेले प्रमाणपत्र असणे बंधनकारक झाले. येथे जहाजापासून एक महत्त्वाचा फरक पडला. जहाजाची प्रत ठरविणारी संस्था व्यापाऱ्यांची होती व तिचे मत हे मुख्यतः विम्याच्या उपयोगाचे होते. विमानाच्या बाबतीत हे मत शासनाचे झाले, व त्यावाचून उड्डाणच निषिद्ध ठरले.

२. प्रकार आणि प्रत

प्रत्येक विमान स्वतंत्रपणे तपासावयाचे म्हटले तर ते अशक्य होते. पंख किती भाराने मोडतो हे जाणण्यासाठी तो मोडावा लागतो, आणि मोडलेला पंख उडत नाही. या अडचणीतून ‘प्रकार-प्रमाणपत्रा’ची कल्पना निघाली. अमेरिकेत २० मे १९२६ रोजी हवाई वाणिज्याचा कायदा संमत झाला व वाणिज्य खात्यात त्यासाठी स्वतंत्र शाखा स्थापन झाली. या शाखेने २९ मार्च १९२७ रोजी ‘बुल एअरस्टर’ या तीन आसनांच्या लहान द्विपंखी विमानास पहिले प्रकार-प्रमाणपत्र दिले. आज जगभर रूढ असलेल्या पद्धतीच्या आरंभी एक लहान विमान उभे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भाषेच्या अभ्यासकाला ही कल्पना परिचयाची वाटेल. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने शब्दाचा ‘प्रकार’ व त्याची प्रत्येक वेळी लिहिली जाणारी ‘प्रत’ यांत भेद केला होता. ‘विमान’ हा शब्द या पानावर अनेकदा आला तरी कोशात तो एकच असतो. तसेच, आराखडे, साहित्याची वर्णने, घडणीच्या पद्धती व कसोट्यांचे निष्कर्ष मिळून जो ‘प्रकार’ होतो त्याची शासन एकदा कसून परीक्षा करते. मग कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाविषयी दोनच गोष्टी सिद्ध करावयाच्या राहतात. ते आपल्या मान्य प्रकाराशी जुळते काय? आणि ते या घटकेस सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आहे काय? वैयक्तिक उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्राचा सर्व आशय या दोन प्रश्नांत सामावला आहे. पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा अवस्थेचा. विमान नवे असताना पहिला कठीण असतो. ते जुने झाल्यावर दुसरा.

लहान विमानांसाठी अमेरिकेने १९४५ मध्ये नियमांचा स्वतंत्र भाग अमलात आणला, व १ फेब्रुवारी १९६५ पासून त्याची जागा ‘भाग तेवीस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या संहितेने घेतली. सर्वसामान्य लहान विमानाच्या वजनाची मर्यादा १२,५०० पौंड, म्हणजे सुमारे ५,६७० किलोग्रॅम, इतकी होती. सामान्य वर्गातील विमानाच्या सांगाड्याने स्वतःच्या वजनाच्या ३·८ पट भार कायमची विकृती न होता सोसला पाहिजे. उपयुक्त वर्गासाठी हा आकडा ४·४ व कसरतीच्या विमानांसाठी ६ असा होता. या भाराच्या दीडपट भार सांगाड्याने किमान तीन सेकंद न मोडता पेलला पाहिजे, अशीही अट होती. या दीडपटीत अज्ञानासाठी राखून ठेवलेली जागा आहे. वाऱ्याचा झोत, कारागिराची चूक, धातूतील दोष, यांपैकी जे आपल्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी नियमकर्त्यांनी निम्म्याने अधिक बळ मागितले.

३. प्रत्यक्षाची मर्यादा

प्रमाणांपैकी पहिले प्रत्यक्ष. विमान डोळ्यांनी पाहणे, हाताने चाचपणे, उडवून बघणे, यांइतके विश्वसनीय साधन दुसरे कोणते, असे सहज वाटते. परंतु डोळा पृष्ठभागापाशी थांबतो. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फोकर कंपनीच्या घडणीचे एक तीन इंजिनांचे प्रवासी विमान पंख तुटून कोसळले व आतील आठही माणसे मृत्यू पावली. त्यांत न्यूट रॉकनी हा लोकप्रिय फुटबॉल-शिक्षक होता, त्यामुळे या अपघाताची देशभर चर्चा झाली. या विमानाचा पंख लाकडी असून तो प्लायवुडच्या पत्र्यांनी बंद केलेला होता. आतील स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, सरसाने सांधलेली होती. ओलाव्याने सरस सुटू लागला तर ते बाहेरून दिसण्यास वाव नव्हता. तपासनीस कितीही दक्ष असला तरी पंख उकलल्याखेरीज त्यास काही कळणे शक्य नव्हते.

या घटनेनंतर शासनाने त्या जातीच्या विमानांची उड्डाणे काही काळ थांबविली. लहान विमानांच्या घडणीतही यापासून एक धडा घेतला गेला. भाग नुसता बळकट असून भागत नाही, तो तपासता येण्याजोगा असावा लागतो. आज कोणत्याही लहान विमानाच्या पंखाखाली हात घालण्यापुरती झाकणे दिसतात. परिरक्षण-अभियंता विहित उड्डाणतासांनंतर ती उघडून आत दिवा धरतो. प्रत्यक्षाला वाट करून द्यावी लागते, ती आपोआप मिळत नाही.

४. अनुमानाची मर्यादा

दुसरे प्रमाण अनुमान, म्हणजे येथे गणित व प्रयोगशाळेतील कसोटी. धूर पाहून अग्नी जाणावा तसे आकड्यांवरून बळ जाणावयाचे. त्याची मर्यादा दाखविणारी कथा आपल्या देशाला जवळची आहे.

द हॅविलँड या ब्रिटिश कंपनीने १९२९ मध्ये ‘पुस मॉथ’ हे बंदिस्त कक्षाचे, एकपंखी लहान विमान सिद्ध केले. त्यास प्रमाणपत्र मिळाले होते व खासगी वैमानिकांत ते अत्यंत प्रिय झाले. परंतु ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात या जातीचे एक विमान हवेतच फुटले. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ड्रेकन्सबर्ग पर्वतात ग्लेन किडस्टन हा नामांकित वैमानिक अशाच रीतीने मरण पावला. अपघातांची मालिका वाढत गेली. प्रत्येक वेळी वैमानिकाची चूक, वादळ किंवा परिरक्षणातील दोष असे काहीतरी कारण पुढे करता येत असे. सप्टेंबर १९३२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बायरन बे येथे आणखी एक पुस मॉथ हवेत मोडून पडले.

पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले ते पुस मॉथमधूनच. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय हवाई वाहतुकीचा हा मंगल दिवस म्हणून आपण स्मरतो, व ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी जे प्रमाणपत्र त्या विमानाजवळ होते, त्यामागील अनुमानात एक छिद्र होते, हेही इतिहासाने नोंदले पाहिजे.

ब्रिटनमधील संशोधकांनी चिकाटीने शोध घेतल्यावर उलगडा झाला तो असा. पंखाला धडाशी जोडणारा आधारदांडा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा होता. अस्थिर हवेत व अधिक वेगात त्याची एक बाजू वाकू शके, आणि मग पंखात फडफड निर्माण होऊन तो तुटे. स्थिर भाराचे गणित बरोबर होते. भार व कंप एकत्र आल्यास काय होईल याचे गणित त्या काळी कोणी केलेले नव्हते. उपाय मात्र साधा निघाला. आधारदांड्याला एक लहान पूरक दांडी जोडली की तो दोष नाहीसा होई. प्रकार-प्रमाणपत्रात एका दांडीची भर पडली, पण त्या एका दांडीची किंमत अनेकांना प्राणांनी द्यावी लागली.

यावरून प्रमाणीकरणाचा एक नियम ध्यानात येतो. प्रकार मान्य झाला म्हणजे प्रश्न मिटला, असे नसते. प्रकाराच्या सर्व प्रती जेथे जेथे उडत असतील तेथील अनुभव मूळ संस्थेकडे परत आला पाहिजे, आणि दोष आढळल्यास सर्व प्रतींना एकाच वेळी आदेश गेला पाहिजे. उड्डाणयोग्यता-निदेश म्हणून जे आदेश आज निघतात ते याच गरजेचे फळ होय.

५. उपमानाची मर्यादा : सुटे भाग

तिसरे प्रमाण उपमान, म्हणजे सादृश्यावरून होणारे ज्ञान. सुट्या भागांचा सर्व व्यवहार यावर चालतो. विमान पंचवीस-तीस वर्षे उडते; त्या अवधीत त्याचे टायर, ब्रेक, मॅग्नेटो, इंधनाच्या नळ्या, बोल्ट, क्वचित् संपूर्ण इंजिनही बदलले जाते. मूळ विमान आराखड्याशी जुळत होते म्हणून ते योग्य होते. मग नवा भाग जुन्यासारखाच आहे हे सिद्ध झाल्यावाचून ती योग्यता टिकणार कशी?

इंजिन व प्रोपेलर यांना विमानाप्रमाणेच स्वतंत्र प्रकार-प्रमाणपत्र मिळते. आसने, उपकरणे, टायर अशा अनेक प्रकारच्या विमानांत वापरावयाच्या वस्तूंसाठी सर्वसाधारण तांत्रिक मानके ठरविलेली असतात. मूळ निर्मात्याखेरीज दुसऱ्या कोणी बदली भाग बनवावयाचे ठरविल्यास अमेरिकन पद्धतीत त्यास भाग-निर्मितीची मान्यता घ्यावी लागते. ती दोन मार्गांनी मिळू शकते. आपला भाग मूळ भागाशी सर्वस्वी एकरूप आहे हे दाखवावे, अथवा गणित व कसोट्या यांच्या साह्याने तो तितकाच समर्थ आहे हे सिद्ध करावे. पहिला मार्ग उपमानाचा, दुसरा अनुमानाचा, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

परंतु सादृश्य डोळ्यांना फसविते. दोन बोल्ट लांबी, जाडी, आटे व चकाकी यांत एकसारखे असून एकाचे पोलाद योग्य तापक्रमावर कठीण केलेले व दुसऱ्याचे न केलेले असू शकते. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बर्गकडे निघालेले नॉर्वेतील एका कंपनीचे कॉन्व्हेअर जातीचे विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले व आतील पंचावन्नही माणसे मृत्यू पावली. चौकशीत आढळलेल्या कारणांपैकी एक असे, की शेपटीचा उभा पंखा धडाशी जोडणाऱ्या बोल्टांपैकी काही विहित ताकदीचे नव्हते. ते अस्सल भागासारखे दिसत होते, एवढेच. हे विमान लहान वर्गातील नव्हे. पण असा बोल्ट कोणत्याही विमानात बसू शकतो, आणि दोन आसनांच्या विमानात एकाची उणीव भरून काढणारा दुसरा भाग बहुधा नसतो.

म्हणून भागाबरोबर त्याची वंशावळ मागितली जाते. भाग कोणी घडविला, कोणत्या मान्यतेखाली घडविला, कोणत्या तुकडीतील आहे व कोणाच्या सहीने बाहेर पडला, हे सांगणारा कागद भारतात ‘सी ए फॉर्म वन’ या नावाने ओळखला जातो. युरोप व अमेरिकेतही त्याचे प्रतिरूप कागद आहेत. या कागदावाचून पेटीतील भाग विमानावर चढत नाही. अर्थात् येथे उपमान थकते आणि शब्दाचा आश्रय घ्यावा लागतो.

६. शब्दाची मर्यादा

चौथे प्रमाण शब्द. न्यायशास्त्राने सर्वच शब्दांना प्रमाण मानलेले नाही. आप्त पुरुषाचा, म्हणजे वस्तुस्थिती जाणणाऱ्या व ती जशीच्या तशी सांगणाऱ्या व्यक्तीचा, शब्दच तेवढा प्रमाण. जॉन ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत असे दाखविले, की काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारल्यानेच एखादी कृती घडते. जहाजाला नाव देणे हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण. विमानाचे प्रमाणपत्र याहून गुंतागुंतीचे आहे. ते कृतीही आहे व विधानही आहे. सही होताच विमान कायद्याने उड्डाणयोग्य होते, परंतु ते वस्तुतः योग्य आहे की नाही हे सहीवर अवलंबून नसते. या दोहोंत अंतर पडते तेव्हा काय होते, याचे सर्वांत शोचनीय उदाहरण लहान विमानाचे नसून एका प्रचंड वायुनौकेचे आहे. तरीही ते येथे टाळता येत नाही.

‘आर १०१’ ही ब्रिटिश वायुनौका हिंदुस्थानात येण्यासाठी बांधली होती व तिच्यासाठी कराची येथे भव्य निवारा उभारलेला होता. जुलै १९३० मध्ये शासकीय तपासणी विभागाचे निरीक्षक एफ. मॅकवेड यांनी लेखी कळविले, की आतील वायुपिशव्या सांगाड्यावर घासत असल्यामुळे उड्डाणाची अनुज्ञा वाढविण्याची शिफारस आपण करू शकत नाही. वरिष्ठांनी, घासणाऱ्या जागी गाद्या बसविण्याच्या उपायावर समाधान मानून, हा अभिप्राय बाजूस सारला. नौकेत मोठे फेरफार झाले, परंतु पूर्ण वेगाची चाचणी मात्र झाली नाही. तज्ज्ञांचा अंतिम अहवाल लिहून होण्यापूर्वीच तात्पुरते प्रमाणपत्र देण्यात आले. ४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी नौका निघाली, व दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वी फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ कोसळून जळाली. चोपन्नांपैकी अठ्ठेचाळीस माणसे दगावली. त्यांत हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन हेही होते.

या प्रसंगी प्रमाणपत्राचा मजकूर, सही व अधिकार यांत काही उणे नव्हते. उणीव होती ती वेगळ्याच जागी. ज्याने वस्तू पाहिली त्याचा शब्द बाजूस ठेवून, ज्याला निघण्याची घाई होती त्याच्या सोयीने शब्द उच्चारला गेला. ब्रिटनने पुढे १९३७ मध्ये नागरी विमानांच्या परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. परीक्षा घेणारा व उड्डाणाची इच्छा धरणारा एकच असू नये, हे तत्त्व हळूहळू सर्वत्र मान्य होत गेले.

शब्दाची दुसरी विकृती म्हणजे खोटा कागद. २०२३ मध्ये असे उघडकीस आले, की लंडन येथे नोंदलेल्या एका विक्रेत्याने प्रवासी विमानांच्या इंजिनांचे भाग बनावट मान्यतापत्रांसह अनेक देशांत विकले होते. ज्या भागांना असे कागद जोडलेले होते, ते शोधून काढून बदलण्याचे काम अनेक कंपन्यांना करावे लागले. येथे भाग सदोष होते किंवा नाही हा प्रश्न दुय्यम ठरला. त्यांच्याविषयी बोलणारा आप्त नव्हता, एवढ्यानेच ते अयोग्य ठरले.

७. भारतातील वाटचाल

१९११ च्या कायद्याची जागा १९३४ च्या विमान कायद्याने घेतली व त्याखाली १९३७ चे विमान नियम आले. प्रकार-प्रमाणपत्र, प्रत्येक विमानाचे उड्डाणयोग्यता-प्रमाणपत्र, परिरक्षण-अभियंत्यांचे परवाने, या सर्वांची तरतूद त्या नियमांत आहे. १९३४ चा कायदा नव्वद वर्षे टिकला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या ठिकाणी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. ‘एअरशिप’पासून ‘वायुयान’पर्यंतचा हा नामप्रवास शब्दांच्या अभ्यासकास मनोरंजक वाटेल.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या उद्यमाने १९४० मध्ये बंगलोर येथे विमानांचा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात सिद्ध झालेले ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले व पुढे देशातील उड्डाणसंघांत शिकाऊ वैमानिकांच्या परिचयाचे झाले. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे ‘हंस-३’ हे विमान काचतंतू व राळ यांच्या संमिश्र द्रव्याचे आहे. त्यास २००० मध्ये नागरी विमानन महासंचालनालयाचे प्रकार-प्रमाणपत्र मिळाले. धातूचा पत्रा कारखान्यात येतो तेव्हाच त्याचे बळ ठरलेले असते. संमिश्र द्रव्याचे बळ मात्र भाग घडत असतानाच तयार होते. यास्तव अशा विमानात केवळ वस्तू नव्हे, तर घडणीच्या खोलीतील उष्णता, हवेतील दमटपणा व राळ मुरण्याचा काळ यांचेही प्रमाणीकरण करावे लागते.

कारखान्याबाहेरील एका प्रयत्नाचाही उल्लेख अवश्य केला पाहिजे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवली येथे आपल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईतील औद्योगिक प्रदर्शनात ठेवले गेले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली व २०१९ मध्ये त्यास चाचणी-उड्डाणाची अनुज्ञा मिळाली. सर्वसामान्य बोलण्यात या तिन्ही गोष्टी ‘परवानगी’ या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. वस्तुतः नोंदणी म्हणजे विमानाची ओळख, अनुज्ञा म्हणजे ठराविक अटींवर ते उडवून पाहण्याची मुभा, आणि प्रकार-प्रमाणपत्र म्हणजे त्यासारखी दुसरी विमाने बनवून लोकांना देण्याचा अधिकार. ओळख मिळण्यास व मुभा मिळण्यास लागलेला काळ पाहिला म्हणजे, एकट्या माणसाने हा मार्ग आक्रमणे किती दुष्कर आहे, याची कल्पना येते.

८. अतिरेकाचा धोका

येथवर प्रमाणीकरण उणे पडल्याची उदाहरणे पाहिली. ते अधिक झाल्यासही हानी होते, हे नमूद केल्यावाचून हा इतिहास एकांगी राहील. सेसना १७२ या सुप्रसिद्ध लहान विमानाचे प्रकार-प्रमाणपत्र १९५५ मधील आहे, व नंतरच्या सुधारित आवृत्त्याही त्याच प्रमाणपत्राखाली आल्या. संपूर्ण नव्या प्रकाराची परीक्षा इतकी खर्चिक झाली होती, की निर्मात्यांस जुन्या प्रकारात भर घालीत राहणेच परवडे. वैमानिकास पंख निष्प्रभ होण्याची पूर्वसूचना देणारे स्वस्त आपात-कोनदर्शक तंत्रदृष्ट्या शक्य असूनही लहान विमानांत येऊ शकत नव्हते, कारण त्यांच्या मान्यतेची किंमत त्यांच्या स्वतःच्या किमतीस झाकून टाकीत असे. सुरक्षिततेसाठी असलेला नियम सुरक्षिततेच्या साधनासच दाराबाहेर थांबवीत होता. अमेरिकन शासनाने २०१४ मध्ये या उपकरणाच्या मान्यतेची रीत सोपी केली.

३० ऑगस्ट २०१७ पासून ‘भाग तेवीस’ची सर्व संहिता नव्याने लिहिली गेली. पूर्वीचे नियम भाग कसा असावा हे मापांनिशी सांगत. नवे नियम त्याने काय साधावे एवढेच सांगतात, आणि साधण्याचे मार्ग उद्योग, शासन व तज्ज्ञ यांनी मिळून ठरविलेल्या मानकांवर सोपवितात. युरोपनेही त्याच वर्षी तसाच बदल केला. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, रूपाचा नियम गेला व अर्थाचा नियम आला. अर्थाचा नियम उदार असतो. परंतु तो लावणाऱ्याकडून अधिक ज्ञानाची व अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा करतो. मोजपट्टी लावणे सोपे, अभिप्राय देणे कठीण. या बदलाचे खरे फळ कागदावरील संहितेपेक्षा ती वापरणाऱ्यांच्या योग्यतेवर अवलंबून राहील.

९. उपसंहार

चारही प्रमाणांची मर्यादा पाहिल्यावर, त्यांपैकी कोणते श्रेष्ठ असा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नाही. प्रत्यक्ष जेथे पोहोचत नाही तेथे अनुमान, अनुमान जेथे चुकते तेथे पुन्हा प्रत्यक्ष अनुभव, सादृश्य जेथे फसविते तेथे शब्द, व शब्द जेथे डळमळतो तेथे पुन्हा तिन्हींचा आधार, अशी ही परस्परावलंबी रचना आहे. शंभर वर्षांत नियम पुष्कळ वाढले. पण सर्वांच्या शेवटी लॉगबुकात सही करणारा एक माणूस आहे, ही गोष्ट बदललेली नाही. विमानाजवळ उभा असलेला तो परिरक्षण-अभियंता जर ‘हे मी पाहिले नाही, म्हणून सही करीत नाही’ असे म्हणू शकला, आणि त्याच्या या नकारास वरिष्ठांनी मान दिला, तर वरील सारी व्यवस्था सार्थ होते. मॅकवेड यांचा शब्द ऐकला गेला असता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक देशाच्या विमानन-व्यवस्थेने अधूनमधून करावा.

शेवटी दोन शब्दांचा निर्देश करून हे विवेचन संपवितो. ‘विमान’ हा शब्द ‘वि’ या उपसर्गासह ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आला आहे. जे आकाशाचे अंतर मोजीत, आक्रमीत जाते ते विमान. ‘प्रमाण’ हा शब्दही ‘प्र’ या उपसर्गासह त्याच ‘मा’ धातूपासून झाला आहे. एकाच मापनक्रियेची ही दोन रूपे होत. त्यांतील दुसरे प्रामाणिक राहिले तरच पहिले आकाशात टिकते.